श्वासाचा रकाना

सरकारी दवाखान्यातल्या कुठल्याही वॉर्डात जा आणि खाटेच्या पायथ्याशी अडकवलेला चार्ट उघडून बघा. नाडी वरखाली होते, बीपी वरखाली होतं, तापाची रेघ चढते-उतरते. श्वासाच्या रकान्यात मात्र सकाळी १८, दुपारी १८, रात्री २०, दुसऱ्या दिवशी परत १८. न्यूमोनियाच्या पेशंटचे अठरा आणि हर्नियाच्या पेशंटचेही अठराच. आमच्या कामातला हा सगळ्यात खोटा रकाना. हे उघड बोलायला मला संकोच वाटत नाही, कारण सगळ्या सिस्टरांना ते माहीत आहे आणि डॉक्टरांनाही. म्हणून तर राउंडवर त्या रकान्याकडे कोणी ढुंकून बघत नाही.

कारण साधं आहे. नाडीचा आकडा बोटाला लावलेला ऑक्सिमीटर देतो, बीपीचा पट्टा बटण दाबलं की आपला आपण फुगतो, थर्मामीटर वाजून सांगतो. श्वास मोजायला मात्र माणूस लागतो. पेशंटला कळू न देता, नाडी धरल्याचं सोंग करून, छातीकडे नाहीतर पोटाकडे बघत पुरतं एक मिनिट उभं राहायचं. कळलं की तो श्वास जपून घ्यायला लागतो आणि मोजणी वाया जाते. तीस खाटांचं ग्रामीण रुग्णालय, रात्रपाळीला एक सिस्टर, एक मावशी, त्यात मध्येच डिलिव्हरीची बाई येऊन पडलेली. अशा वेळी प्रत्येक खाटेपाशी एक मिनिट कुठून आणायचं? मग हात सवयीने अठरा लिहितो.

कोरोनाने आणखी एक खोड लावली. ऑक्सिमीटर घरोघर पोचला, आणि ‘ऑक्सिजन ९६ आहे ना, मग काही नाही’ हे वाक्य सगळ्यांच्या तोंडात बसलं. बोटावरचा आकडा चांगला म्हणजे माणूस चांगला. सेप्सिसमध्ये नेमकं इथेच फसायला होतं.

आमच्याकडे लोक त्याला ‘सेप्टिक झालं’ किंवा ‘रक्तात इन्फेक्शन पसरलं’ म्हणतात. जंतुसंसर्ग कुठलाही चालतो: लघवीचा, फुप्फुसाचा, शुगरवाल्याच्या पायाच्या जखमेचा, पाठीवरच्या बेडसोरचा. शरीर त्या जंतूंशी लढायला उठतं आणि ते लढणंच हाताबाहेर जाऊन स्वतःच्या मूत्रपिंडावर, मेंदूवर, फुप्फुसांवर उलटतं. २०१६ मध्ये जगभरातल्या तज्ज्ञांनी सेप्सिसची व्याख्या नव्याने मांडली, तीत भर याच गोष्टीवर दिला आहे. नुसता ताप आणि वाढलेल्या पांढऱ्या पेशी म्हणजे सेप्सिस नव्हे, अवयव बिघडायला लागले की सेप्सिस. २०१७ या एका वर्षात जगात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना तो झाला आणि १ कोटी १० लाख दगावले, असा अंदाज २०२० साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. म्हणजे दर पाच मृत्यूंमागे जवळपास एक. आपल्याकडच्या मृत्यूच्या दाखल्यांवर यातले किती ‘हार्ट फेल’ आणि ‘वृद्धापकाळ’ या नावाने जात असतील, याचा विचार मी रात्रपाळीत पुष्कळदा करते.

आता श्वासाचं. पेशींना रक्त कमी पोचलं की त्या आम्ल तयार करायला लागतात. रक्तातलं ते आम्ल कमी करायची शरीराकडची सगळ्यात जलद वाट म्हणजे कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकणं. म्हणून माणूस भरभर श्वास घेतो. फुप्फुसं धड असली तर त्या वेळी बोटावर ९६ सुद्धा दिसतात, ९७ सुद्धा. बीपी अजून पडलेलं नसतं. पेशंट ‘बरं आहे’ म्हणतो. छाती तेवढी मिनिटाला अठ्ठावीस वेळा हलत असते, आणि ती बघायला कोणी उभं नसतं.

म्हाताऱ्या माणसात तर सगळीच लक्षणं दबून येतात. तरुण पोराला संसर्ग झाला की तो १०३ तापाने फणफणतो, थरथरतो, घर गोळा करतो. म्हाताऱ्यांना ताप येतोच असं नाही. अंग उलट गार पडतं, आणि ते तापापेक्षा वाईट. बीपीची ठरावीक गोळी चालू असेल तर नाडी वाढत नाही. पांढऱ्या पेशीही कधी वाढलेल्या नसतात. मग दिसतं काय? जेवण टाकलं. पडली. गादीत लघवी झाली. गप्प बसून राहते. नावं चुकवते. आणि यातल्या प्रत्येकाला घरात, शेजारी आणि कधी कधी ओपीडीतही एकच उत्तर तयार असतं: वय झालं आता.

त्या आजीला सुनेनं आणलं ते असंच. दिवाळी होऊन गेली होती. वर्धा जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव, भोवती सगळी कपाशी. सीतादही, म्हणजे वेचणीआधीची पूजा, होऊन वेचणी जोरात आलेली, त्यामुळे दुपारी दवाखाना रिकामा असतो. आजारी माणूससुद्धा त्या दिवसांत रोज बुडवून येत नाही. सून वावरातूनच आली होती, वेचलेला कापूस टाकायची कमरेची ओटी सोडून पिशवीत कोंबलेली. आजीचं वय केस पेपरवर ७०. आधार कार्डावर जन्मतारीख १ जानेवारी, आमच्याकडच्या निम्म्या म्हाताऱ्यांसारखीच. खरं वय पंच्याहत्तरच्या पुढेच असावं.

‘काय होते?’ विचारलं तर सून म्हणाली, ‘ताप नाही, खोकला नाही, काहीच नाही सिस्टर. पण बुढी कालपासून आपल्यातच नाही.’

मी म्हटलं, म्हणजे कसं? तर तिने एकेक सांगायला सुरुवात केली. रोज पहाटे उठून अंगण झाडते, काल झाडलं नाही. चहा पुढ्यात थंड झाला. मला माझ्या नणंदेच्या नावानं हाक मारली. रात्री लुगड्यातच झालं, कधीच होत नाही. परवा कंबर दुखते म्हणत होती, म्हणून गावातल्या डॉक्टरकडून सुई टोचून आणली, तेवढं बरं वाटलं.

एवढ्या सांगण्यात अर्धं निदान होतं. मी आजवर पाहिलेल्या तपासण्यांत ‘आपल्यातच नाही’ ही तपासणी फार वरच्या क्रमाची आहे, आणि ती ज्याला करता येते तो माणूस बहुधा घरातली सून असतो. मुलगा सकाळी वावरात जातो, रात्री येतो. त्याला आई जशी काल होती तशीच आज दिसते. चहा कोणत्या क्षणी थंड झाला ते सुनेला ठाऊक. तरी ओपीडीत प्रश्न मुलाला विचारले जातात आणि सून मागे भिंतीशी उभी असते.

तपासलं तर कागदावर सगळं जागच्या जागी. ताप नाही, अंग किंचित गारच. नाडी ८८. ऑक्सिजन ९६. बीपी १०८ वर ६४. शुगर २४६, ती जुनीच. पोटावर हात ठेवून मोजलं तर श्वास २८. पिशवीत उपकेंद्रातलं बीपी-शुगरचं कार्ड होतं, ते चाळलं. गेल्या कित्येक भेटींत वरचं बीपी १५०-१६०च्या घरात, आणि गोळी अशी की जिने नाडी दाबून धरली जाते. म्हणजे जिचं रोजचं बीपी १६०, तिचं आज १०८. हा आकडा दुसऱ्या कोणाला शोभला असता. या आजीच्या बाबतीत ती घसरण होती.

डॉक्टर साहेब बाजूच्या खोलीत होते. ‘सर, श्वास अठ्ठावीस आहेत,’ म्हटलं. ते लिहीतच होते. ‘मोजलेत,’ असं पुढे जोडलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवला.

पहिलं काम शिरेचं. म्हाताऱ्या हाताची शीर हा स्वतंत्र विषय आहे. कातडी सैल, खालची चरबी गेलेली; शीर ठळक दिसते आणि सुई लावली की पळते. या आजीच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत गोंदण. तुळशीवृंदावन, ठिपक्यांच्या रांगा, भावाचं नाव. हिरवट निळ्या त्या रेघांच्या गर्दीत खरी शीर कोणती आणि गोंदलेली कोणती ते बॅटरी धरूनही कळेना. डोळ्यांनी शोधायचं सोडून बोटाने शोधलं. गोंदण बोटाला लागत नाही, शीर लागते, दाबली की परत उचलते. वृंदावनाच्या थोडं खाली गुलाबी इंट्राकॅथ, म्हणजे शिरेत ठेवायची बारीक नळी, बसलं. त्याहून जाड हिरवं बसलं असतं तर जास्त बरं, पण आहे त्या शिरेशी भांडून उपयोग नसतो. चिकटपट्टी कागदाची लावली. साधी लावली तर काढताना तिच्याबरोबर कातडीही निघते.

लघवीचा नमुना घेतला आणि लगेच अँटिबायोटिकचा पहिला डोस दिला. रक्तातले जंतू वाढवून ओळखायच्या कल्चरच्या बाटल्या आमच्याकडे नसतात. त्यांच्यासाठी डोस अडवून ठेवण्यात अर्थ नव्हता. शॉकची, म्हणजे अवयवांना पुरेसं रक्त न पोचण्याची, शंका असेल तर अँटिबायोटिक तासाभराच्या आत गेलं पाहिजे, असं मार्गदर्शक सूचना सांगतात. वेळ चार्टवर लिहिली, मोठ्या अक्षरात, कारण पुढे कुठे पाठवायची वेळ आली तर तिथल्या माणसाचा पहिला प्रश्न तोच असतो.

मग सलाईन. आमच्या भागात सलाईनवर लोकांची श्रद्धा आहे. ‘दोन बाटल्या चढवा, ताकत येईन’ हे वाक्य रोज ऐकते, आणि नव्वद टक्के वेळा नाही म्हणते. या वेळी मात्र खरंच लागणार होतं. किलोमागे ३० मिली, पहिल्या तीन तासांत. पंचेचाळीस किलोच्या बाईला साडेतेराशे मिली, म्हणजे तीन बाटल्यांना थोडं कमी. पण म्हातारं हृदय आहे; बाटली जोरात सोडून दुसऱ्या खाटेकडे निघून जाता येत नाही. अर्धी बाटली गेली की पाठीला स्टेथोस्कोप लावून खाली बुडाशी ऐकायचं, बुडबुडे येतात का. श्वास पुन्हा मोजायचे. कमी झाले तर पाणी जागी लागतंय. वाढले तर फुप्फुसात साचतंय की काय ते बघायचं.

कॅथेटर घातला तेव्हा साठलेली लघवी निघाली ती गढूळ, गडद, वास मारणारी. नंतरच्या तासाभरात बॅगेत दहा मिली. या वजनाला तासाला बावीस-तेवीस तरी हवी. मूत्रपिंड काय म्हणतं ते दर तासाला बॅगेच्या रेघेवर वाचायला मिळतं, फक्त वाकून वाचावं लागतं. आमच्या बॅगांवरच्या रेघा ढोबळ. दहा-वीस मिलीचा हिशेब त्यांच्यावर होत नाही, म्हणून मी सिरिंजमध्ये ओढून मोजते. मावशी हसते मला. हसू दे.

रक्तातल्या त्या आम्लाचा अंदाज देणारी लॅक्टेटची तपासणी आमच्याकडे होत नाही. नख मात्र असतं. दाबून धरायचं, सोडायचं आणि रक्त परत यायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. तीनपेक्षा जास्त लागले तर कडेला रक्त पोचत नाही. दक्षिण अमेरिकेतल्या अतिदक्षता विभागांमध्ये याच गोष्टीवर झालेला मोठा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. काही रुग्णांचे उपचार लॅक्टेट बघून चालवले, काहींचे बोटाकडे बघून. बोटाकडे बघणारे मागे पडले नाहीत. आमच्यासारख्या ठिकाणी काम करणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. आजीच्या नखाला पाच सेकंद लागत होते, आणि गुडघ्यांवर जांभळट जाळी उमटायला लागली होती. सावळ्या कातडीवर ती पटकन दिसत नाही. ट्यूबलाइटखाली पाय जरा तिरका करून बघावा लागतो.

संध्याकाळी मुलगा आला. बीपी तोवर ८४ वर ५० झालं होतं. त्याचं म्हणणं साधं होतं: दोन बाटल्या चढल्या, मग बीपी खाली कसं? मी त्याला विचारलं, तुमच्याकडे ठिबक आहे का? होती. म्हटलं, समजा सगळ्या नळ्या एकदम सैल पडल्या आणि जागोजाग गळायला लागल्या, तर मोटर तीच, पाणी तेच, पण शेवटच्या ओळीतल्या झाडाला काय मिळेल? त्याने मान हलवली. ‘काहीच नाही मिळणार.’ तर आपण आधी पाणी वाढवलं, आता नळ्या आवळायचं औषध लावतोय, आणि गळती ज्याने लावली त्याला मारायचं औषध दुपारीच दिलंय. त्यानंतर त्याने एकही प्रश्न विचारला नाही. बाटलीकडे बघत उभा राहिला, आणि ड्रिप थांबल्यासारखी वाटली की हाक मारायचा.

नळ्या आवळायचं औषध म्हणजे नॉरअ‍ॅड्रिनॅलिन. मोठ्या दवाखान्यात ते मानेच्या मोठ्या शिरेतून, सिरिंज पंपावर देतात. आमच्याकडे कोपराजवळच्या चांगल्या शिरेतून, मायक्रोड्रिपवर, थेंब मोजून. मायक्रोड्रिपचे साठ थेंब म्हणजे एक मिली, त्यामुळे मिनिटाला जेवढे थेंब तेवढे तासाला मिली; हे गणित ज्याने बसवलं त्याचे सिस्टर लोकांवर उपकार आहेत. औषध शिरेबाहेर गेलं तर तिथलं मांस मरतं, म्हणून दर थोड्या वेळाने हात चाचपायचा, सूज आहे का, पांढरं पडलंय का. हे सगळं करायचं आणि सेवाग्रामच्या मोठ्या दवाखान्याला फोन, खाट आहे का, १०८ ला फोन, गाडी कुठे आहे, हेही.

याच दरम्यान आजी कापूस वेचायला लागली. चादरीवरून, ब्लँकेटवरून, हवेतून. उजव्या हाताच्या बोटांनी बोंड धरून ओढावं तसं ओढायची आणि पोटाशी नेऊन टाकायची. सलाईनचा हातही मध्ये मध्ये उचलायची. ‘ओटी भरली वं, खाली करून आण,’ असं सुनेला दोनदा सांगितलं. बाजूच्या खाटेवरचे लोक हसले. सून हसली नाही. तिने पुढे होऊन पोटाजवळची ती न दिसणारी ओटी दोन्ही हातांनी घेतली, दाराकडे गेली आणि झटकून परत आली. आजी थोडा वेळ शांत पडली.

संसर्गाने मेंदू भरकटतो त्याचं हे रूप. हे त्यातल्या त्यात बरं, कारण ते डोळ्यांना दिसतं. त्याचं दुसरं रूप जास्त घातक असतं: माणूस गप्प पडून राहतो, हाकेला ‘हं’ म्हणतो आणि परत डोळे मिटतो. नातेवाइकांना वाटतं, झोप लागली, चला बरं झालं. वॉर्डात हात-पाय झाडणारा पेशंट दिसला की खाटेला गॉजने हात बांधून टाकायची पद्धत आहे. मला ती पटत नाही. बांधलेला माणूस जास्त झगडतो, मनगटाची कातडी सोलते, आणि कशासाठी झगडत होता ते कळायची वाट बंद होते. ओळखीचं माणूस उशाशी बसवावं, चष्मा असेल तर तो डोळ्यांवर द्यावा, दिवा जळता ठेवावा, नळीवर बँडेजची पट्टी गुंडाळून ती नजरेआड करावी. एवढ्याने निम्मे तरी शांत होतात. आणि ‘आजी, इथे कुठे कापूस’ असा वाद घालू नये. सुनेला हे कोणी शिकवलं नव्हतं.

नणंद रात्री आली ती पाण्याचा गडू घेऊनच. तोंडाला कोरड पडली आहे, माय तहानेनं मरते की काय, म्हणून चमच्याने पाजायला लागली. अर्धवट गुंगीतल्या माणसाला पाजलेलं पाणी पोटात न जाता श्वासनळीत जातं. लघवीच्या संसर्गाने आलेला म्हातारा माणूस अशा दोन चमच्यांनी न्यूमोनिया घेऊन जातो. मी गडू काढून घेतला. ती रागावली, आणि तिचा राग मला समजतो. मरत्या माणसाच्या तोंडात पाणी घातलं नाही ही गोष्ट पुढे जन्मभर टोचते. म्हणून तिच्या हाती गॉज दिला, ओला करून, पिळून: ओठ पुसा, जीभ पुसा, गालांच्या आतून फिरवा, दर थोड्या वेळाने. ती रात्री हेच करत बसली होती. तोंड स्वच्छ ठेवणं हीसुद्धा शुश्रूषाच आहे, आणि वॉर्डात सगळ्यात आधी राहून जाणारी.

कपडे बदलताना मी आजीचं सगळं अंग पाहून घेतलं. लुगड्याचा कासोटा जिथे आवळून बसतो ती कंबर, काखा, स्तनांखालची घडी, जांघा. ही सवय २०१८ ची. त्या वर्षी पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत स्क्रब टायफसची साथ आली होती. गवतातल्या माइट नावाच्या बारीक किड्याची पिल्लं चावतात, चावल्या जागी काळी खपली धरते, दुखत नाही, खाजत नाही, आणि ती नेमकी अशा जागी असते जिथे डॉक्टर बघत नाहीत आणि बाई दाखवत नाही. नेहमीची सुई त्या तापावर चालत नाही, डॉक्सिसायक्लिन लागतं. ते स्वस्त औषध आहे, पण आठवावं लागतं. तेव्हापासून वावरातून आलेल्या कुठल्याही तापाच्या किंवा शॉकच्या पेशंटला स्पंज करताना मी खपली शोधते. या आजीला ती नव्हती. माकडहाडाजवळ मात्र लालसर डाग होता, दाबला तरी पांढरा न पडणारा. दोन दिवस उताणं पडून राहिल्याचा. तोही कागदावर लिहिला.

गाडी आली. १०८ ची सेवा महाराष्ट्रात २०१४ साली सुरू झाली. त्याआधी आम्ही पेशंट जीपमध्ये घालून पाठवलेले आहेत, एक जण बाटली हातात वर धरून. गाडीतल्या डॉक्टरांना मी कागद दिला: अँटिबायोटिक कोणतं, किती वाजता. पाणी एकूण किती. लघवी तासातासाची. बीपी आणि श्वास दोन्ही. नॉरअ‍ॅडचे थेंब. रोजचं बीपी १६०, हे अधोरेखित करून. रेफर चिठ्ठीवर बहुतेकदा ‘पुढील उपचारासाठी’ असे दोनच शब्द असतात. पुढच्या दवाखान्यातल्या माणसाला त्यातून कळत काहीच नाही आणि तो सगळं पहिल्यापासून सुरू करतो. तेवढ्यात तास जातो.

सेवाग्राम म्हटल्यावर नणंद जरा निवळली. आजीचं माहेर तिकडचं. सेवाग्रामच्या आसपासच्या गावांतून एके काळी लोक सुगीला ज्वारी देऊन दवाखान्याचा विमा काढायचे. पैसे नव्हते, ज्वारी होती. देशातलं ग्रामीण भागातलं पहिलं मेडिकल कॉलेज तिथे १९६९ मध्ये सुरू झालं. त्या बाजूच्या म्हाताऱ्यांना तो दवाखाना स्वतःचा वाटतो, तक्रारसुद्धा घरच्यासारखी करतात. गाडीत चढताना नणंद सुनेला म्हणाली, ‘बुढ्यानं मोजून ज्वारी टाकली होती, घेतील ते.’

आजी वाचली. कसं, ते मी बघितलेलं नाही, तिकडच्या लोकांनी केलं. मी बघितलं ते त्यानंतरचं, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. घरी आलेली आजी ती पहिली आजी नव्हती. मांड्या वाळून गेलेल्या, उठताना भिंत धरावी लागायची. सांगितलेलं विसरायची. रात्री दचकून उठायची. सेप्सिसमधून उठलेल्या कित्येकांना पुढचे काही महिने असेच जातात, आणि त्यात पुन्हा संसर्ग होऊन दवाखान्याची पायरी चढायची वेळ पुष्कळांवर येते. डिस्चार्ज कार्डावर गोळ्या लिहिलेल्या असतात. भिंत धरून किती पावलं चालायचं, खाटेवर कूस किती वेळाने बदलायची, हे कोणी लिहीत नाही. माकडहाडाजवळचा तो डाग फुटून जखम झाली होती, तिच्या ड्रेसिंगला ते आमच्याकडे यायचे.

ड्रेसिंग करताना बाकीच्या गोष्टी निघतात. तशी ही निघाली की आजी संध्याकाळी पाचनंतर पाणीच पीत नाही. का? तर संडास अंगणाच्या पार टोकाला, गोठ्याच्या मागे. रात्री उठावं लागू नये म्हणून. आणि दिवसा वेचणीला गेलं की वावरात आडोसा नाही, म्हणून दिवसाही बेतानेच. साठ वर्षं हाच हिशेब. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, त्यातही हाच. बायकांच्या लघवीच्या संसर्गावर मी कितीतरी आरोग्य व्याख्यानं ऐकली, ‘भरपूर पाणी प्या’ असं सांगणारी. प्यायल्यावर जायचं कुठे, ते एकाही व्याख्यानात नव्हतं. मुलाने खुर्चीचा कमोड आणला तेव्हा आजीने पहिले काही दिवस त्याच्यावर कपड्यांचं गाठोडं ठेवलं. घरात ‘तसलं’ करणं तिला पटेना. सुनेनं गाठोडं उचलायचं, आजीनं परत ठेवायचं. शेवटी कोण जिंकलं ते मी विचारलं नाही. संध्याकाळचं पाणी सुरू झालं एवढं कळलं.

सुनेला मी श्वास मोजायला शिकवलं. मोबाइलमधलं घड्याळ लावून, पोटावर हात ठेवून, बोलू न देता, पूर्ण मिनिट. बावीस किंवा जास्त भरले, आणि बुढी ‘आपल्यातच नाही’ वाटली, तर सकाळची वाट बघायची नाही, १०८ ला फोन करायचा. ती लगेच शिकली. आमच्याकडे ट्रेनिंगला येणाऱ्या पोरींना जे तीन-तीनदा सांगावं लागतं ते तिला एकदाच. वेचणाऱ्या बाईला मोजायची सवय असते. काट्यावर कापूस घालताना तिची नजर शेटजीच्या हातावर असते.

फाल्गुनात एका रात्री तिचा फोन आला. ‘सिस्टर, बुढी सकाळपासून गप आहे. जेवली नाही. माझ्याशी भांडली बी नाही.’ ही शेवटची गोष्ट मला खरी गंभीर वाटली. श्वास विचारले. सतरा. ताप? नाही. लघवी? नेहमीसारखी. हाक मारल्यावर नाव बरोबर घेते का? ‘नावच घेत नाही ना, तोंड फिरवते.’ म्हटलं, तिच्या कानाला फोन लाव.

बराच वेळ नुसता घरातला आवाज. मग आजी बोलली: ‘बकरी इकली. मले न विचारता.’

मी म्हटलं, ते मी मुलाशी बोलते. तुम्ही उद्या लघवी तपासायला मात्र या.